एका शीर्षकातले चार शब्द: विज्ञानाचं तत्त्वज्ञान स्पॅनिशमधून इंग्रजीत नेताना

लेख साधारण 7,000 शब्दांचा. लेखक अर्जेंटिनाच्या विद्यापीठीय परंपरेतला, विषय वैज्ञानिक गृहीतकांची तपासणी, आणि छापायचा आहे इंग्रजी नियतकालिकात. लेख या प्रकरणासाठी रचलेला आहे. त्यातल्या अडचणी मात्र या क्षेत्रात अनुवाद करणाऱ्याला नेहमी भेटणाऱ्या आहेत. स्पॅनिश शीर्षक असं: ‘कोन्त्रास्तासिओन इ एविदेन्सिया एन ला एपिस्तेमोलोहिया दे लास सिएन्सियास फाक्तिकास’. पहिल्या मसुद्यात त्याचं इंग्रजी झालं ‘कॉन्ट्रास्ट अँड एव्हिडन्स इन द एपिस्टेमॉलॉजी ऑफ द फॅक्टिक सायन्सेस’.

व्याकरण निर्दोष, वाक्यरचना सफाईची. तरीही शीर्षकातल्या चार महत्त्वाच्या शब्दांपैकी एकही जागेवर बसलेला नाही.

मसुदा करणाऱ्याला दोन्ही भाषा उत्तम येत होत्या, म्हणून हे प्रकरण तपासण्याजोगं आहे. त्याच लेखातले ‘इन्कोन्मेन्सुराबिलिदाद’ (दोन सिद्धान्तांना एकच माप लावता न येणं) किंवा ‘नोमोलोहिको’ (निसर्गनियमांविषयीचं) असे जडजंबाल शब्द बिनचूक उतरले होते. असे शब्द फक्त या शास्त्रातच वावरतात. त्यांना दुसरा अर्थ नसतो आणि ते दिसले की अनुवादक आपणहून सावध होतो. गोत्यात आणतात ते साधे, ओळखीचे, इंग्रजी शब्दाच्या जुळ्या भावासारखे दिसणारे शब्द.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाची आजची स्पॅनिश परिभाषा बऱ्याच अंशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन आणि इंग्रजी ग्रंथांच्या अनुवादांतून घडली. त्यामुळे स्पॅनिशमधून इंग्रजीत जाताना अनेक शब्द माहेरीच परत जात असतात. त्यांच्यासाठी नवा प्रतिशब्द घडवायचा नसतो, मूळ शब्द शोधून काढायचा असतो. काही शब्द मात्र स्पॅनिश जगातच वाढलेले असतात आणि त्यांना माहेर नसतं. कोणता शब्द कोणत्या जातीचा हे ओळखणं हाच या कामाचा अवघड भाग, आणि कोश इथे फारसा उपयोगी पडत नाही.

एपिस्तेमोलोहिया

इंग्रजीत ‘एपिस्टेमॉलॉजी’ म्हणजे ज्ञानमीमांसा: ज्ञान म्हणजे काय, श्रद्धा समर्थनीय केव्हा ठरते, संशयवादाला उत्तर काय. अर्जेंटिनात आणि लॅटिन अमेरिकेत इतरत्रही ‘एपिस्तेमोलोहिया’ बहुतेक वेळा फ्रेंच वळणाने जाते, आणि तिचा अर्थ होतो विज्ञानाचं तत्त्वज्ञान. ज्ञानमीमांसेसाठी तिथे ‘ग्नोसेओलोहिया’ किंवा ‘तेओरिया देल कोनोसिमिएन्तो’ असे वेगळे शब्द आहेत. अर्जेंटिनाचे तत्त्वज्ञ मारिओ बुंगे यांच्या 1980 सालच्या ‘एपिस्तेमोलोहिया’ या पुस्तकाचा विषय विज्ञानाचं तत्त्वज्ञानच आहे. तिथलेच ग्रेगोरिओ क्लिमोव्स्की यांच्या 1994 सालच्या पाठ्यग्रंथाच्या उपशीर्षकातही हा शब्द त्याच अर्थाने येतो.

लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं: ‘एपिस्तेमोलोहिया आणि ग्नोसेओलोहिया यांची गल्लत करू नये.’ मसुद्यात दोन्ही शब्दांना इंग्रजी वेष चढवला होता. इंग्रजी वाचकाला ‘नॉसिऑलॉजी’ हा शब्द जवळजवळ अनोळखी, आणि ‘एपिस्टेमॉलॉजी’ त्याच्या लेखी ज्ञानमीमांसाच. म्हणजे लेखक ज्या विषयाला बाजूला ठेवायला सांगतो आहे, तोच आपला विषय आहे असं तो जाहीर करतो, असा वाचकाचा समज होतो. दुरुस्त वाक्यात पहिल्या जागी ‘फिलॉसॉफी ऑफ सायन्स’ आलं, दुसऱ्या जागी ‘थिअरी ऑफ नॉलेज’.

पण सगळीकडे शोधा-बदला करून भागत नाही. स्पेनमधल्या अलीकडच्या लेखनात हाच शब्द अनेकदा इंग्रजी अर्थाने येतो, आणि आपल्या लेखकाने अशा दोन लेखांचा हवाला दिला होता; तिथे ‘एपिस्टेमॉलॉजी’ हाच शब्द बरोबर. फ्रेंच तत्त्वज्ञ बाशलार यांचा ‘एपिस्टेमॉलॉजिकल ऑब्स्टॅकल’ (विज्ञानाच्या वाटेतला वैचारिक अडथळा) इंग्रजीत रूढ झालेला आहे, त्यालाही हात लावायचा नाही. विशेषण आणखी निसरडं. स्पॅनिश लेखक ‘एपिस्तेमोलोहिको’ सैलपणे वापरतात. गोष्ट ज्ञानाविषयी असेल तर इंग्रजीत ‘एपिस्टेमिक’, शास्त्रशाखेविषयी असेल तर ‘फिलॉसॉफी ऑफ सायन्स’ची एखादी शब्दरचना. या लेखात हे विशेषण 19 वेळा आलं होतं, आणि एकोणीसही ठिकाणं हातानेच पाहावी लागली.

कोन्त्रास्तासिओन

लेखाचा कणा हाच शब्द. मसुद्यात कुठे ‘कॉन्ट्रास्ट’, कुठे ‘कंपॅरिझन’, एका ठिकाणी ‘कॉन्ट्रास्टेशन’. योग्य शब्द साधा आहे: ‘टेस्टिंग’. ‘कोन्त्रास्तार’ म्हणजे ‘टू टेस्ट’, ‘कोन्त्रास्ताब्ले’ म्हणजे ‘टेस्टेबल’. संख्याशास्त्रातलं ‘कोन्त्रास्ते दे इपोतेसिस’ म्हणजे ‘हायपोथिसिस टेस्ट’.

तुलनेचा शब्द चाचणीसाठी कसा आला? स्पॅनिशमध्ये ‘कोन्त्रास्तार’चा एक जुना अर्थ सोन्याचांदीची शुद्धता तपासून त्यावर छाप मारणं असा आहे, त्या छापालाही ‘कोन्त्रास्ते’ म्हणतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली ‘कसोटी’ सोनं घासून पाहायच्या दगडावरूनच आली आणि कल्पना, माणसं, मैत्री सगळ्यांना लावली गेली. इंग्रजी वाचकाच्या कानात मात्र ‘कॉन्ट्रास्ट’ शब्दात सराफाचा दगड कुठेच नाही.

या अर्थाचा माग काढताना एक अनुवाद हाताशी हवा. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या ‘द लॉजिक ऑफ सायंटिफिक डिस्कव्हरी’ या ग्रंथाचा विक्तोर सान्चेस दे सावाला यांनी केलेला स्पॅनिश अनुवाद माद्रिदच्या तेक्नोस प्रकाशनाने 1962 साली काढला. चाचणीसाठी ‘कोन्त्रास्तार’ आणि खोटं ठरवण्यासाठी ‘फाल्सार’, ‘फाल्साब्ले’, ‘फाल्सासिओन’ ही कुळी स्पॅनिश वाचकाला प्रामुख्याने तिथून परिचयाची झाली. म्हणून लेखकाने ‘कोन्त्रास्तासिओन’ लिहिलं की त्यामागे पॉपर यांचा ‘टेस्ट’ उभा असतो.

‘कोन्त्रास्तासिओन’ एकटा येत नाही, त्याचे शेजारीही एकदमच ठरवावे लागतात. लेखात ‘वेरिफिकासिओन’, ‘कोम्प्रोबासिओन’, ‘कोन्फिर्मासिओन’, ‘कोर्रोबोरासिओन’ आणि ‘फाल्सासिओन’ असे पाच शब्द होते, आणि मसुद्यात पहिल्या चारांची सरमिसळ होती. चाचणी ही प्रक्रिया आहे, बाकीची तिच्या निकालांची नावं. ‘व्हेरिफिकेशन’ म्हणजे खरं ठरल्याचा निर्वाळा. तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांशी, म्हणजे अनुभवाने पडताळता येईल तेच विधान अर्थपूर्ण मानणाऱ्यांशी, जोडलेला हा शब्द पॉपरवादी लेखक वैश्विक नियमांना कधीच लावणार नाही, कारण त्याच्या मते असा नियम खोटा ठरवता येतो, खरा ठरवता येत नाही. ‘कन्फर्मेशन’ आणि ‘कॉरोबोरेशन’ यांच्यात तर आख्खा वाद आहे. पॉपर यांच्या जर्मन ‘बेव्हेरुंग’साठी (सिद्धान्ताचं चाचणीला उतरणं) तार्किक प्रत्यक्षार्थवादी कार्नाप यांनी ‘कन्फर्मेशन’ वापरलं. पॉपरही काही काळ तो शब्द वापरत होते, पण त्याला संभाव्यतेचा वास येऊ लागल्यावर त्यांनी ‘कॉरोबोरेशन’ पक्कं केलं. अनुवादकाने पुनरुक्ती टाळण्यासाठी एकाच्या जागी दुसरा घातला, तर लेखक नकळत विरुद्ध पक्षात जाऊन बसतो. शैलीसाठी शब्द आलटून-पालटून वापरायची सवय या विषयात सोडूनच द्यावी.

‘कोम्प्रोबासिओन’ तेवढा मोकळा शब्द आहे. ‘चेक’, ‘एस्टॅब्लिश’ किंवा ‘फाइंड’ यांपैकी वाक्याला जे मानवेल ते.

‘फाल्सासिओन’मध्ये एक खड्डा लपलेला आहे. स्पॅनिशमध्ये ‘फाल्सार’ म्हणजे खोटं असल्याचं दाखवणं आणि ‘फाल्सिफिकार’ म्हणजे बनावट करणं, असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंसाठी ‘फॉल्सिफिकेशन’ एकच. लेखाच्या शेवटच्या भागात संशोधनातल्या लबाडीचा उल्लेख होता आणि एकाच वाक्यात दोन्ही शब्द आले होते: सिद्धान्ताची फाल्सासिओन आणि आकडेवारीची फाल्सिफिकासिओन. इंग्रजीत शब्दशः ठेवलं असतं तर लेखक पॉपर आणि लबाड संशोधक यांना एकाच ओळीत बसवतो असं वाटलं असतं. आकडेवारीसाठी ‘डेटा फॉल्सिफिकेशन’ ही पक्की संज्ञा आहे, म्हणून त्या एका वाक्यापुरतं सिद्धान्तासाठी ‘रेफ्युटेशन’ घेतलं.

एविदेन्सिया: एक शब्द, दोन नोंदी

जुन्या आणि अजूनही जिवंत असलेल्या स्पॅनिश अर्थाने ‘एविदेन्सिया’ म्हणजे जिच्याविषयी शंका घेता येत नाही अशी स्पष्ट, लखलखीत खात्री. इंग्रजीत ही ‘सेल्फ-एव्हिडन्स’ झाली. इंग्रजीच्या प्रभावाने तोच शब्द आता पुराव्यासाठीही वापरतात. दोन अर्थ जवळजवळ उलटे आहेत, कारण जे स्वयंसिद्ध असतं त्याला पुरावा लागत नाही.

लेखात हा शब्द 23 वेळा होता. सुरुवातीच्या भागात अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतल्या विज्ञानकल्पनेची चर्चा होती: मूलतत्त्वं स्वतःच्या प्रकाशात दिसतात आणि बाकीचं त्यांच्यापासून निगमनाने निघतं. तिथल्या 6 ठिकाणी ‘सेल्फ-एव्हिडन्स’. पुढच्या भागातल्या 17 ठिकाणी बहुतेक वेळा ‘एविदेन्सिया एम्पीरिका’, म्हणजे साधा ‘एव्हिडन्स’. लेखाचा युक्तिवादच असा की विज्ञान पहिल्याकडून गृहीतकांच्या चाचणीकडे वळलं. दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द ठेवला की हा प्रवास दिसेनासा होतो. शीर्षकातली ‘एविदेन्सिया’ पहिल्या अर्थाची आहे हे लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून शीर्षकाचा अनुवाद सगळ्यात शेवटी करायचा.

अनुवादाच्या सॉफ्टवेअरने इथे भर घातली होती. अनुवाद-स्मृती एकदा मान्य केलेला प्रतिशब्द पुढच्या सारख्या खंडांत आपोआप भरते. पहिल्यांदा ‘एव्हिडन्स’ मान्य झालं आणि छोट्या मथळ्यांत, आकृतीखालच्या ओळींत तेच उतरत गेलं. उपाय सोपा आहे. संज्ञासूचीत या शब्दाच्या दोन स्वतंत्र नोंदी ठेवायच्या, प्रत्येकीसोबत लेखातलं एक वाक्य जोडायचं, आणि अशा दुहेरी शब्दांपुरतं आपोआप भरणं बंद करायचं.

याच घरातला ‘प्रुएबा’ तीन दिशांना जातो: ‘प्रूफ’, ‘टेस्ट’, ‘एव्हिडन्स’. गणितात आणि तर्कशास्त्रात सिद्धतेला ‘देमोस्त्रासिओन’ म्हणतात. त्याचं इंग्रजी ‘प्रूफ’ करावं. ‘डेमॉन्स्ट्रेशन’ अ‍ॅरिस्टॉटलच्या संदर्भातच शोभतं.

फाक्तिकास, आणि जिथे परकेपणा राखायचा

‘सिएन्सियास फाक्तिकास’ हे औपचारिक विज्ञानांच्या, म्हणजे तर्कशास्त्र आणि गणित यांच्या, जोडीला येणारं नाव. ‘फॅक्टिक’ असा शब्द इंग्रजीत या अर्थाने चालत नाही. सहज सुचतं ‘एम्पिरिकल सायन्सेस’, आणि सामान्य मजकुरात ते चालेलही. पण ही विभागणी बुंगे यांच्या लेखनामुळे स्पॅनिश जगात रुजली, आणि बुंगे स्वतः इंग्रजीतही लिहीत. 1966 पासून ते माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात होते. त्यांचा ‘सायंटिफिक रिसर्च’ हा दोन खंडांचा ग्रंथ 1967 साली इंग्रजीत आला, आणि मानुएल साक्रिस्तान यांनी त्याचा केलेला स्पॅनिश अनुवाद 1969 साली निघाला. इंग्रजीत बुंगे ‘फॅक्चुअल सायन्स’ म्हणतात. लेखकाने दोन्ही भाषांत लिहिलं असेल तर त्याचा स्वतःचा शब्द आपल्या आवडीपेक्षा वरचढ, मग तो इंग्रजी कानाला थोडा खटकला तरी चालेल. ‘एम्पिरिकल’ घातल्यावर बुंगे यांना नको असलेला अनुभववाद, म्हणजे ज्ञान अनुभवातूनच येतं हे मत, मागच्या दाराने आत येतो, हेही एक कारण.

नियम, कायदा आणि काही परतीचे शब्द

स्पॅनिश ‘लेय’ निसर्गनियमही आणि संसदेचा कायदाही. इंग्रजी ‘लॉ’ही तसाच, पण विशेषणात फरक पडतो. स्पॅनिश ‘लेगाल’ दोन्हीकडे चालतं, इंग्रजी ‘लीगल’ फक्त कोर्टकचेरीत. मसुद्यात ‘लेगालिदाद’चं ‘लीगॅलिटी ऑफ नेचर’ झालं होतं, जिथे ‘लॉफुलनेस’ हवं. ‘एनुन्सियादो लेगालिफोर्मे’ म्हणजे ‘लॉलाइक स्टेटमेंट’. ‘मोदेलो दे कोबेर्तुरा लेगाल’चं ‘लीगल कव्हरेज मॉडेल’ झालं, आणि वाचकाला विम्याची कागदपत्रं आठवली असतील. ते आहे ‘कव्हरिंग-लॉ मॉडेल’: घटना एखाद्या सर्वसाधारण नियमाखाली आणून तिचं स्पष्टीकरण देणं. हेम्पेल आणि ओपेनहाइम यांनी 1948 साली मांडलेल्या स्पष्टीकरणाच्या आराखड्याला विल्यम ड्रे यांनी 1957 साली दिलेलं हे नाव. त्याच आराखड्याचं दुसरं नाव स्पॅनिशमध्ये ‘नोमोलोहिको-देदुक्तिवो’, इंग्रजीत उलट्या क्रमाने ‘डिडक्टिव्ह-नोमोलॉजिकल’. आद्याक्षरंही उलटतात, आणि ती आकृत्यांत चित्र म्हणून बसलेली असल्यामुळे मजकुराच्या शोधात सापडत नाहीत.

‘कोन्सेप्सिओन एरेदादा’ शब्दशः ‘वारशाने आलेली संकल्पना’. पण हा ‘रिसीव्ह्ड व्ह्यू’चा, म्हणजे तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांच्या सिद्धान्तविषयक मांडणीला मिळालेल्या नावाचा, स्पॅनिश अवतार आहे, त्याला ‘इनहेरिटेड कन्सेप्शन’ म्हटलं की ओळख पुसली जाते. विज्ञानाचे इतिहासकार आणि तत्त्वज्ञ टॉमस कून यांच्याबाबत तर दोन स्पॅनिश अनुवादांत दोन शब्द आहेत: आगुस्तिन कोन्तिन यांच्या 1971 सालच्या अनुवादात सामान्य विज्ञान (मान्य चौकटीत चालणारं रोजचं संशोधन) ‘एनिग्मा’ सोडवतं, कार्लोस सोलीस यांच्या नंतरच्या अनुवादात ‘रोम्पेकाबेसास’. इंग्रजीत दोन्ही ‘पझल’च. आपला लेखक दोन्ही अनुवाद वापरत होता, म्हणून मसुद्यात एकच कल्पना दोन नावांनी फिरत होती.

संरचनावादी सिद्धान्तमीमांसेची, म्हणजे वैज्ञानिक सिद्धान्तांची रचना गणिती पद्धतीने उलगडणाऱ्या संप्रदायाची, परिभाषा आणखी काटेकोर आहे. या संप्रदायात स्पॅनिशभाषक तत्त्वज्ञांचं काम मोठं आहे, आणि बाल्त्सर, उलिसेस मुलिनेस व स्नीड यांच्या 1987 सालच्या इंग्रजी ग्रंथाने तिकडचे शब्द ठरवून दिले. ‘रेद तेओरिका’ म्हणजे ‘थिअरी-नेट’, ‘एलेमेन्तो तेओरिको’ म्हणजे ‘थिअरी-एलिमेंट’. इथे ‘थिऑरेटिकल’ हे विशेषण घालायचं नाही, कारण या मांडणीत एखादी संज्ञा अमुक सिद्धान्ताच्या सापेक्ष ‘थिऑरेटिकल’ आहे की नाही हा एक वेगळा तांत्रिक प्रश्न आहे. ‘कोन्दिसिओनेस दे लिगादुरा’ म्हणजे ‘कन्स्ट्रेंट्स’: एकाच कणाचं वस्तुमान सिद्धान्ताच्या प्रत्येक उपयोजनात सारखंच असावं, अशा अटी. मसुद्यातल्या ‘बाँडिंग कंडिशन्स’मुळे प्रकरण रसायनशास्त्रात गेलं होतं. ‘आप्लिकासिओनेस प्रेतेन्दिदास’ म्हणजे ‘इंटेंडेड अ‍ॅप्लिकेशन्स’, ज्यांवर सिद्धान्त लागू व्हावा अशी अपेक्षा आहे ती. ‘प्रिटेंडेड’ म्हटलं की लेखक त्यांना खोटं म्हणतो आहे असं वाटतं.

संज्ञा नसलेल्या शब्दांचाही तर्काला दगाफटका होतो, आणि सर्वांत जास्त तो ‘सुपोनेर’ या क्रियापदाने. ‘अ सुपोने ब’ या वाक्याचे दोन अर्थ: ‘अ’ला ‘ब’ आधी गृहीत धरावं लागतं, किंवा ‘अ’ झालं की ‘ब’ ओघाने येतं. पहिल्यात ‘प्रिसपोझेस’ किंवा ‘अझ्यूम्स’, दुसऱ्यात ‘एन्टेल्स’ किंवा ‘इन्व्हॉल्व्ह्ज’. लेखात अशी 11 वाक्यं होती. मसुद्यात सगळीकडे ‘अझ्यूम्स’. त्यांतल्या 4 ठिकाणी निष्कर्ष गृहीतकाच्या जागी बसला होता. परीक्षकाने अशा लेखावर चक्राकार युक्तिवादाचा ठपका ठेवला तर दोष त्याचा नाही. ‘एवेन्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘कदाचित, प्रसंगी’. इंग्रजी ‘इव्हेन्च्युअली’ म्हणजे ‘अखेरीस’. त्याने शक्यतेचं भाकीत होतं.

अवतरणं

पॉपर यांची अवतरणं लेखकाने 1962 च्या स्पॅनिश आवृत्तीतून घेतली होती. ती पुन्हा इंग्रजीत अनुवादित करणं चूक. 1959 च्या इंग्रजी आवृत्तीतलं मूळ वाक्य शोधून घालायचं. पृष्ठक्रमांक जुळत नाहीत, पण हा ग्रंथ 85 क्रमांकित विभागांत आहे. स्पॅनिश पानावरून विभाग ओळखायचा, मग इंग्रजीत त्याच विभागात शोधायचं. एका अवतरणाला काही मिनिटं पुरतात. ग्रंथनामाचाही असाच प्रकार: जर्मन शीर्षकात ‘फोर्शुंग’, स्पॅनिशमध्ये त्याला जवळचा ‘इन्वेस्तिगासिओन’, इंग्रजीत मात्र ‘डिस्कव्हरी’. स्पॅनिश नावावरून इंग्रजी नाव रचलं तर अस्तित्वात नसलेलं पुस्तक संदर्भसूचीत जातं.

अवघड प्रसंग तो, जिथे लेखकाचा युक्तिवाद स्पॅनिश अनुवादातल्या एखाद्या शब्दावरच उभा असतो. मूळ इंग्रजी वाक्य घातलं की तो आधार निघून जातो. अशा वेळी मूळ वाक्यानंतर स्पॅनिश शब्द तिरक्या अक्षरांत द्यायचा आणि एका वाक्यात फरक सांगायचा. या लेखात असं एकच ठिकाण होतं, ‘कोन्त्रास्तार’चं.

कामाचा क्रम

सर्व लेख आधी न थांबता वाचायचा. मग संज्ञा काढायच्या. या लेखातून 64 निघाल्या. प्रत्येकीपुढे चार गोष्टी: किती वेळा आली, कोणत्या परंपरेतून आली, निवडलेला इंग्रजी शब्द, आणि नाकारलेला शब्द कारणासह. ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत. दोन आठवड्यांनी ‘इथे एम्पिरिकल का नाही?’ असं संपादकाने विचारलं की तीच उपयोगी येते. आठ दिवसांचं काम असेल तर पहिले दोन दिवस यातच जावेत. त्यात घाई केली तर ती दुरुस्तीत दुपटीने वसूल होते.

लेखकाला प्रश्न विचारायची रीत महत्त्वाची आहे. ‘इथे तुम्हाला काय म्हणायचं आहे?’ या प्रश्नाला मूळ वाक्यच थोडं लांब होऊन परत येतं. त्याऐवजी दोन इंग्रजी वाक्यं समोर ठेवायची आणि प्रत्येकाचा परिणाम सांगायचा: पहिलं घेतलं तर ‘ब’ ही पूर्वअट, दुसरं घेतलं तर ‘ब’ हा परिणाम, कोणतं? असे 9 प्रश्न पाठवले. एकाचं उत्तर आलं, ‘दोन्ही’. तिथे मूळ वाक्यच संदिग्ध होतं, आणि लेखकाने ते स्पॅनिशमध्येही दुरुस्त केलं.

नंतर स्पॅनिश न जाणणाऱ्या, पण विषय जाणणाऱ्या एका वाचकाला फक्त इंग्रजी मजकूर द्यायचा आणि प्रत्येक परिच्छेदाचा दावा एका ओळीत लिहायला सांगायचं. त्या ओळी लेखकाला दाखवायच्या. दोन्ही भाषा जाणणारा वाचक या कामाला चालत नाही, कारण मागचं स्पॅनिश त्याला आपोआप ऐकू येतं आणि इंग्रजीतली फट तो मनातल्या मनात बुजवून टाकतो. अखेरीस नाकारलेल्या शब्दांची यादी घेऊन अंतिम मजकुरात एकेक शोधायचा. या लेखात ‘कॉन्ट्रास्ट’ अजून तीन ठिकाणी सापडला. दोन ठिकाणी तो खरोखर तुलनेसाठी होता, तिसऱ्या ठिकाणी एका आकृतीच्या नावात राहून गेला होता.

शीर्षक झालं ‘टेस्टिंग अँड सेल्फ-एव्हिडन्स इन द फिलॉसॉफी ऑफ द फॅक्चुअल सायन्सेस’. पहिल्या पानावर तीन ओळींची टीप गेली: लेखकाच्या परंपरेत ‘एपिस्तेमोलोहिया’ म्हणजे विज्ञानाचं तत्त्वज्ञान, ‘फॅक्चुअल’ हा शब्द बुंगे यांच्या इंग्रजी लेखनातून घेतला आहे, आणि एकाच स्पॅनिश ‘एविदेन्सिया’साठी या अनुवादात दोन शब्द आहेत, पहिल्या भागात ‘सेल्फ-एव्हिडन्स’, नंतर ‘एव्हिडन्स’.